तेल लावलेल्या तारा

“उकळी फुटू दे, आई. मग टाक. आणि वेटोळं सैल धर, तारेला मुरड पडली की ती कामातून गेली.”

अवधूत माझ्यामागे स्टुलावर बसून सांगत होता. उजवा हात त्यानं मांडीवरच्या उशीवर ठेवला होता. खंडेनवमीची दुपार होती. घट अजून उठायचे होते, देव्हाऱ्यात नंदादीप तेवत होता, आणि मी देवाच्या नैवेद्याच्या पातेल्यात गिटारच्या तारा उकळायला उभी होते. हे असं कसं झालं, ते सकाळपासून सांगायला हवं.

आमच्या घरात खंडेनवमी ह्यांची. अवधूतचे वडील कोल्हापूरला एका फाउंड्रीत टर्नर होते. सगळे त्यांना केरबा मिस्त्री म्हणत. नवरात्राचे बाकीचे दिवस माझे. घट, माळा, उपास, सगळं मी बघायचे. नवमीच्या सकाळी मात्र हे स्वतः आंघोळ करून पाट मांडायचे आणि घरातली हत्यारं त्यावर ओळीनं ठेवायचे. व्हर्नियर, मायक्रोमीटर, कानशी, छन्न्या, पाने. एकेक हत्यार मलमलच्या फडक्यानं पुसायचं, बोटावर तेल घेऊन त्याला द्यायचं, कुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं. माझ्या विळीलाही कुंकू लागायचं, तेवढ्यापुरती तीही हत्यारांत.

त्या वर्षी ह्यांनी अवधूतची बेस गिटार पाटावर आणून ठेवली.

मी बघत राहिले. ते वाद्य घरात आल्यापासून ह्यांनी त्याच्याशी अबोलाच धरला होता. अवधूत आणि त्याचा मित्र फिरोज मिळून मेटल म्हणतात ते संगीत वाजवायचे. हे म्हणायचे, “मिस्त्रीचं पोरगं पत्रा बडवतंय. माझ्याबरुबर फाउंड्रीत आला असता तर पगार तरी मिळाला असता बडवायचा.” अवधूत हसायचा आणि दार लावून घ्यायचा. असं चाललं होतं.

श्रावणात त्याच्या उजव्या मनगटाच्या वर गाठ दिसली. मुंबईच्या डॉक्टरांनी फोटो काढले, तुकडा काढून तपासला आणि सांगितलं की गाठीनं हाड धरलंय, कोपरापासून हात काढावा लागेल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीला, आम्हाला निघायचं होतं. दसऱ्याला फिरोजच्या खोलीत त्या दोघांचं एक गाणं रेकॉर्ड व्हायचं होतं. बाकी सगळं झालं होतं, अवधूतची बेस राहिली होती. दुखणं वाढलं म्हणून ते पुढे पुढे गेलं होतं, आता पुढे ढकलायला दिवस नव्हता. हे आम्हा तिघांना माहीत होतं आणि घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

मी तर बोलूच शकत नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रापासून माझं सकाळचं मौन आहे. रोज आंघोळ झाल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत शब्द काढायचा नाही. हे थट्टा करायचे, “ही बोलती तवाबी मौनच असतंय, फरक काय कळत न्हाई.” त्या सकाळी ह्यांनी बेस पाटावर ठेवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, “चालंल न्हवं?” मी हात जोडले.

मग ह्यांनी तिची पूजा केली. व्हर्नियरला देत तेच मशीनचं पातळ तेल. चिमटीत फडकं धरून एकेका तारेवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला, परत फिरवला. तारेच्या वळ्यावळ्यात तेल मुरेपर्यंत. “गंज धरायला लागलाय,” स्वतःशीच म्हणाले. “वापरायचं कळतंय पोरांना, राखायचं कळत न्हाई.” पण ते म्हणताना आवाज रागाचा नव्हता. माझ्या बाळंतपणात तान्ह्या अवधूतला तेल लावताना त्यांचे हात असेच चालायचे. शेवटी गळ्यात झेंडूची माळ घातली आणि हाक मारली, “अवधूत, ये. नमस्कार कर.”

तो आला. दारातच थबकला. पुढे होऊन त्यानं डाव्या हाताचं बोट जाड तारेला लावलं आणि त्या बोटाकडे बघितलं. मग वडिलांकडे बघितलं. हे उभे होते, हातात तेलाचं फडकं, कपाळावर घाम.

“छान दिसतंय, बाबा.”

“तेल दिलंय. आता लोण्यागत हात फिरंल बघ. दुखणार न्हाई.”

“हो. फिरेल.”

तो वाकला, आधी पाटाला आणि मग ह्यांच्या पायांना डावा हात लावला. हे कंपनीतल्या पूजेला निघून गेले. त्या दिवशी मशीन बंद ठेवून तिलाही हार घालतात, पेढे वाटतात.

नैवेद्य झाला, मौन सुटलं. मी पहिला शब्द बोलले तो, “काय झालं रे?”

“तारा मेल्या, आई.”

तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला आणि मला समजेल असं सांगू लागला. चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं.

“आमच्या गाण्यात बेस नुसती घुमून चालत नाही. तिचा ठोका लागतो. तार पिकनं, म्हणजे त्या प्लास्टिकच्या चकतीनं, मारली की ती खालच्या धातूच्या पट्टीवर आपटायला हवी, खडखड वाजायला हवी. नवी कोरी तार असली तरच ती वाजते. घाम लागला, तेल लागलं की तारेवर गुंडाळलेल्या वळ्यांत मळ बसतो आणि तार मुकी होते. नुसतं भुम्म.”

“मग जरा जोरात मार.”

तो हसला. उशीवरचा हात किंचित हलवून दाखवला. “तेच तर. जोरात मारता येत नाही म्हणून तर गेल्या आठवड्यात नव्या घातल्या. हलक्या हातानंही बोलतात त्या.”

“दुसऱ्या आणू की.”

“मागवल्यात. कुरियर आलं नाही. इथल्या दुकानात बेसच्या मिळत नाहीत, आणि आज पूजेमुळे दुकानंही बंद.”

मी भाजी निवडायला घेतली. हात चालू असले की मला सुचतं. म्हटलं, “तो खडखडाट कशाला लागतो पण? घुमतंय तर घुमू दे.”

“तू लहान असताना गल्लीत पिंजारी यायचा, सांगितलं होतंस.”

“हो.”

“त्याची तार कशी वाजायची?”

मी आठवलं. गल्लीच्या तोंडाशी पिंजारी कापूस पिंजत बसायचा, लाकडी मुसळीनं पिंजणाची तार मारायचा. पोटात धप्प लागायचं आणि त्याच क्षणी कानात टण्ण. मी तसं सांगितलं.

“बस. खाली धप्प, वर टण्ण. मधलं नाही. मशीनवर एक नॉब असतो, तो फिरवून आम्ही मधला आवाज काढूनच टाकतो. मधल्या आवाजात गिटार असतात, गाणं असतं, त्यांना जागा हवी.”

“मधलं काढलं तर राहिलं काय?”

“दोन टोकं. ती बरोबर एका वेळी वाजली की कानाला कळतही नाही मधलं नाही म्हणून.” तो थांबला. “पण वरचं टोक आता गेलं.”

“बाबांना सांगते. ते काहीतरी करतील. तेलातलं त्यांना कळतं.”

“नाही.” इतका वेळ तो हळू बोलत होता, हे मात्र स्पष्ट बोलला. “बाबांना कधी कळू द्यायचं नाही. आज पहिल्यांदा त्यांनी तिला हात लावलाय. तुझा शब्द दे.”

“दिला.”

“नवरात्रातला आहे, बघ.”

“माझा सगळ्या दिवसांतला सारखाच असतो,” मी म्हटलं.

मग तो म्हणाला की जुन्या तारा पाण्यात उकळल्या तर मळ सुटतो, थोडे दिवस पुन्हा वाजतात. सगळे वाजवणारे करतात. पण तेल लागलेल्या तारा कुणी उकळल्याचं त्याला माहीत नव्हतं. मी म्हटलं, “तेलाला नुसतं पाणी काय करणार? समईचं तेल मी काय पाण्यानं काढते?” धुण्याच्या सोड्याचा डबा काढला. पण तारांचं वेटोळं मावेल एवढं पसरट पातेलं घरात एकच होतं, पुरणाच्या नैवेद्याचं. त्यात दुसरं काही शिजवत नाही. मी ते खाली काढलं तशी अवधूत म्हणाला, “अगं, ते देवाचं.”

“असू दे.”

“विटाळेल.”

“तू सांग, किती पाणी घालू?”

तारा काढायच्या माझ्याच हातांनी होत्या. तार ताणायची खुंटी फिरवून तार धरायला त्याचा एकटा डावा हात पुरत नव्हता. जाड तार आधी, मग बारीक होत जायचं. प्रत्येक सोडताना दुसऱ्या हातानं धरायची, नाहीतर उसळून तोंडावर येते. तेल बोटांना लागत होतं. उकळत्या पाण्यात सोडा घातला, मग वेटोळी सोडली. पाण्यावर तेलाचे रंगीत डोळे आले आणि स्वयंपाकघरात फाउंड्रीतल्या ह्यांच्या शर्टाचा वास सुटला. अवधूतनं मान वर करून वास घेतला.

पाणी बदलून पुन्हा उकळल्या, साध्या पाण्यातून काढल्या, पुसल्या, कोमट तव्यावर ठेवून सुकवल्या. पाण्याचा थेंब राहिला तर आतून गंजतील, असं तो सांगत होता. मग चढवल्या. “खुंटी आपल्याकडे फिरव. अजून. आता पुरे.” मी आयुष्यात पहिल्यांदा ते वाद्य मांडीवर घेतलं होतं. ते मला वाटलं त्याहून खूप जड होतं. एवढं वजन खांद्यावर घेऊन हे पोर तासन्‌तास उभं राहत होतं.

त्यानं पिक घेतलं. दुखऱ्या हातानं, मनगट न हलवता, नुसत्या बोटांनी एकदा तार मारली.

टण्ण.

मी दचकले. तो डोळे मिटून होता. “आई,” म्हणाला, “पिंजारी आला बघ.”

झेंडूची माळ मी पहिल्यासारखी घातली, पाट पहिल्यासारखा मांडला. हे संध्याकाळी पेढे घेऊन आले. पाटापाशी थांबले, बेसच्या तारांवरून एकदा हात फिरवला आणि हात धुवायला मोरीत गेले. जेवताना नेहमीसारखे फाउंड्रीतल्या पूजेचं सांगत होते.

दसऱ्याला बेसची पेटी ह्यांनी स्वतः उचलली. “दे इकडं. हाताला ताण नको.” फिरोजची खोली म्हणजे त्याच्या वडिलांच्या गादी कारखान्यामागची कापसाची कोठी. ते घराणंच पिंजाऱ्यांचं. भिंतींना गाद्या लावल्या होत्या, दारालाही गादी, आणि कोपऱ्यात आजोबांचं जुनं पिंजण टांगलेलं. फिरोज ड्रम वाजवायचा आणि रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटरही तोच बघायचा.

“काकू, कानात कापूस घाला,” तो म्हणाला. “कापसाला आमच्यात तोटा नाही. काका, तुम्ही पण या की आत.”

“नको,” हे म्हणाले. “मी हितंच बरा.” बाहेर कापसाच्या गठ्ठ्यावर बसले, पिशवीतली आपट्याची पानं मांडीवर घेऊन. फिरोजनं गादीचं दार लावलं.

मी कापूस घेतला नाही. कोपऱ्यात बसून जपाची माळ काढली. फिरोजनं मशीनवरचे नॉब फिरवले, डावीकडचा वर, उजवीकडचा वर आणि मधला पार खाली. अवधूतनं तारा छेडल्या. फिरोज त्याच्याकडे बघत राहिला.

“भावा, नव्या घातल्यास काय?”

“आईनं शिजवल्या.”

“काय?”

“लाव तू. नंतर सांगतो.”

पहिल्यांदा तो अर्ध्यातच थांबला. कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते. फिरोज उठून जवळ गेला. “राहू दे, लगा. मी एवढ्यावर काहीतरी जोडतो.”

“जोडलेलं नको. पाणी दे.”

दुसऱ्यांदा त्यानं सुरुवात केली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. गाण्यातलं मला काही कळलं नाही, आजही कळत नाही. पण तारेचा प्रत्येक ठोका वेगळा, कोरडा, लखलखीत येत होता. कुठेही भुम्म नव्हतं. माझी माळ त्या ठोक्यांवर चालायला लागली आणि मेरुमणी कधी आला ते मला समजलं नाही. संपलं तेव्हा त्यानं चारही तारांवर तळवा ठेवला आणि तो तसाच ठेवून उभा राहिला. फिरोजनं बटण दाबलं. बराच वेळ कुणी त्याला हात उचल म्हटलं नाही.

बाहेर आलो तर हे उठून उभे.

“काय ऐकू आलं, बाबा?” अवधूतनं विचारलं.

“खालचं तेवढं. धप धप. गादीतनं तेवढंच यायचं भाइर. गठ्ठा हालत हुता माझ्याखालचा.” मग जरा थांबून, “चांगलं हुतं.”

“वरचं आईनं ऐकलं. झालं की मग पुरं.”

ह्यांनी त्याच्या डाव्या हातात आपट्याचं पान ठेवलं. “सोनं घे.” तो पाया पडायला वाकू लागला, तर ह्यांनी त्याला खांद्याला धरून वाकूच दिलं नाही.

एकादशीला आम्ही निघालो. हात गेला. डॉक्टर म्हणाले होते की हातावर निभावेल, ते तेवढ्यावर निभावलं नाही. चैत्रात छातीत पसरलं. शेवटी शेवटी घरीच होता. एका दुपारी मी त्याच्या पायांना तेल चोळत होते. म्हणाला, “बाबा पुढच्या नवमीलाही तेल लावतील.”

“लावू देत.”

“मग तारा मरतील.”

“मी उकळीन.”

“दर वर्षी?”

“दर वर्षी.”

“आणि बाबांना…”

“दिलाय ना शब्द एकदा. किती वेळा घेशील?”

तो हसला. पुढचं नवरात्र त्याला मिळालं नाही.

त्या वर्षी नवमीला ह्यांनी पाट मांडला, हत्यारं ठेवली, आणि बेस आणली. तसंच फडकं, तसंच तेल. मी मौनात होते. हे कंपनीत गेले की मी तारा काढल्या, उकळल्या, सुकवल्या, चढवल्या, माळ घातली. संध्याकाळी ह्यांनी हात फिरवला, हात धुतले. दसऱ्याला फिरोज सोनं द्यायला आला, बेस उचलून एकेक तार मारून बघितली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. तेव्हापासून दर वर्षी हेच. आता हे निवृत्त झालेत, गुडघे धरतात, तरी नवमीला काठी घेऊन मशीनच्या पूजेला जातात. घरात आम्ही दोघंच. ह्यांचा आवाज आता फार जाड झालाय, माझा पहिल्यापासूनच बारीक. जेवताना आम्ही थोडंफार बोलतो.

या नवमीची गोष्ट. ह्यांनी पूजा केली. आता हातून तेल सांडतं, पण एकही वळं कोरडं राहू दिलं नाही. मी देव्हाऱ्यापाशी फुलं निवडत होते, नैवेद्य व्हायचा होता. हे दारात गेले, चप्पल पायात घातली, काठी घेतली आणि तिथंच पाठमोरे उभे राहिले.

“पुरणाचं पातेलं वर ठिवलंयस न्हवं,” म्हणाले. “स्टुलावर चढू नको. मी खाली काढून ठिवलंय, वट्ट्यावर.”

माझ्या हातातलं फूल तसंच राहिलं.

“आणि जाड तारंला मागच्या साली जरा मुरड पडल्याली. हळू सोड.” काठीनं त्यांनी उंबऱ्यावरची माती बाजूला केली. “आयुष्य तेलात गेलंय माझं. पहिल्याच दिवशी सांजच्याला हात फिरवला, तार कोरडी लागली, तवाच कळलं हुतं. पोरगं बोललं न्हाई. म्हटलं, त्याला कळू द्यायचं न्हाई तर न्हाई.”

ते वळले नाहीत. माझं मौन सुटायच्या आत बोलून घ्यायचं, हे त्यांनी ठरवूनच ठेवलं असणार. तरी थोडा वेळ थांबले. मी नुसती मान हलवली असती तरी त्यांना पाठमोऱ्यानंही कळलं असतं. मी मान हलवली नाही. शब्द दिला होता.

“येतो संध्याकाळी,” म्हणाले आणि गेले. काठीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता.

नैवेद्य दाखवला. ओट्यावर पातेलं पालथं घालून ठेवलेलं होतं, शेजारी सोड्याचा डबा. मी पातेल्यात पाणी भरून गॅस पेटवला, पाटावरची बेस उचलून मांडीवर घेतली, माळ बाजूला केली आणि जाड तारेच्या खुंटीला हात घातला.